जिनिव्हा ते कौनास : युरोपातील पहिल्या तीन बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धांचे गुणफलक कसे वाचावेत

शालेय संघाला शिकवणाऱ्या एका तरुण प्रशिक्षकाने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा, की १९३५ मध्ये जिनिव्हात झालेल्या पहिल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना लात्वियाने स्पेनविरुद्ध २४–१८ असा जिंकला, १९३७ चा अंतिम सामना २४–२३ असा संपला, आणि १९३९ मध्ये मात्र ११२–९ सारखे निकाल दिसतात; मग त्या काळचा खेळ अगदीच प्राथमिक अवस्थेत होता असे समजायचे काय? दुसरा असा, की लिथुआनियाने १९३७ आणि १९३९ ची जेतेपदे अमेरिकेत वाढलेल्या खेळाडूंच्या बळावर मिळवली. ती खरी मानायची काय? तीन दशकांहून अधिक काळ मी मैदानावर आधी पंच म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून घालवला आहे, आणि या तीन स्पर्धा माझ्या अभ्यासाचा जुना विषय आहेत. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती सलगच देतो.

आधी गुणांविषयी. जिनिव्हाच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ४२ गुण झाले, म्हणजे फ्री थ्रोचे (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे) गुण बाजूला ठेवले नाहीत तरीही संपूर्ण सामन्यात प्रत्येकी दोन गुणांच्या जास्तीत जास्त एकवीस बास्केट. आज बारा वर्षांखालील मुलांच्या सामन्यातही याहून अधिक होतात. परंतु त्या वेळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मधल्या वर्तुळात आणून पुन्हा जंप बॉल घेण्याची, म्हणजे पंचाने वर उडवलेला चेंडू मिळवण्यासाठी दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूने उडी मारण्याची, पद्धत होती, आणि पंच चेंडू घेऊन मध्यावर येईपर्यंत व दहा खेळाडू आपापल्या जागी उभे राहीपर्यंत घड्याळ चालूच असे. गुण झाला की खेळ थांबायचा. आजच्यासारखी बेसलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेवरून, झटकन चेंडू आत टाकून उलट चढाई करण्याची सोयच नव्हती. अमेरिकेतसुद्धा ही पद्धत १९३७ मध्ये बंद झाली. त्यात भर म्हणजे शॉट घेण्यासाठी कालमर्यादा नव्हती. आघाडी घेतलेला संघ चेंडू हातात खेळवत राहिला तर त्याला रोखणारा नियम नव्हता, आणि हा दोष किती खोल होता ते अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला १९–१८ असे हरवले तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. चोवीस सेकंदांचा नियम तिथे १९५४ मध्ये आला आणि आंतरराष्ट्रीय खेळात तीस सेकंदांची मर्यादा १९५६ मध्ये.

तिसरे कारण हाताचे आहे, आणि प्रशिक्षकाने ते सर्वाधिक लक्षपूर्वक पाहावे असे मला वाटते. त्या काळचा प्रमाण शॉट म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर रोवून, चेंडू छातीजवळ धरून, दोन्ही हातांनी वर ढकललेला शॉट. चेंडूला बाहेरून नाडीची शिवण असे, त्यामुळे तो प्रत्येक वेळी सारखा उसळत नसे आणि ड्रिबल करत वेगाने दिशा बदलणे कठीण जात असे. धावता धावता एका हाताने शॉट घेणाऱ्या, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हँक लुइसेट्टीने न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना थक्क केले ते डिसेंबर १९३६ मध्ये, म्हणजे जिनिव्हाची स्पर्धा होऊन दीड वर्ष उलटल्यावर. दोन हातांच्या शॉटची तयारी बचाव करणाऱ्याला आधीच दिसते आणि तो वेळेत पुढे येऊ शकतो. एका शिबिरात मी मुलांना जुन्या नियमांनी एक पूर्ण सामना खेळायला लावला होता: प्रत्येक बास्केटनंतर जंप बॉल, शॉटला कालमर्यादा नाही आणि एका हाताच्या शॉटला बंदी. चांगली खेळणारी ती मुले मध्यंतरापर्यंत एकेक बास्केटसाठी झगडत होती, आणि दुसऱ्या सत्रात त्यांनी आपण होऊन जे शोधून काढले ते मला फार बोलके वाटले: सर्वांत उंच मुलाला जंपला उभे करायचे, चेंडू मिळवायचा आणि तो गमवायचा नाही.

म्हणून २४–१८ हा आकडा खेळाडूंच्या कौशल्याचे माप नाही. त्या नियमांत हातात येणाऱ्या संधींचेच ते माप आहे. त्याच स्पर्धेत, त्याच नियमांखाली, लात्वियाने हंगेरीला ४६–१२ असे हरवले होते. जंप बॉलची पद्धत बलवान संघाला अधिक बलवान करते, कारण ज्याचा सेंटर, म्हणजे जंपला उभा राहणारा उंच खेळाडू, जंप जिंकतो त्याच्याकडे बास्केट केल्यानंतरही चेंडू परत येतो. तुल्यबळ संघ समोरासमोर आले की गुणसंख्या आकसते आणि विषम संघ आले की ती एका बाजूला झुकते. हे दोन्ही परिणाम एकाच नियमाचे आहेत.

आता प्रत्यक्ष स्पर्धेकडे वळू. जिनिव्हाची निवड सहज झालेली नव्हती. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शारीरिक शिक्षण विद्यालयाचे एल्मर बेरी यांच्या पुढाकाराने १८ जून १९३२ रोजी याच शहरात आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, म्हणजे फिबाची, स्थापना झाली होती. अर्जेंटिना, चेकोस्लोव्हाकिया, ग्रीस, इटली, लात्विया, पोर्तुगाल, रुमानिया आणि स्वित्झर्लंड हे आठ संस्थापक देश होते, लेऑन बुफार हे पहिले अध्यक्ष आणि रेनातो विल्यम जोन्स हे सरचिटणीस. जोन्स हे अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या त्याच महाविद्यालयात शिकले होते जिथे जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ तयार केला. मुंबई आणि मद्रासमध्ये आपल्याकडे हा खेळ आणला तो वायएमसीएनेच, आणि लात्वियाची राजधानी रिगामध्येही तो रुजला त्याच संस्थेमुळे. मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर खेळलेल्या कोणालाही ही वाट परकी वाटणार नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश होणार होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय संघांची खंडीय स्पर्धा भरवून दाखवणे नव्या महासंघाला अत्यंत आवश्यक होते.

२ ते ४ मे १९३५ या तीन दिवसांत दहा संघ खेळले. स्पेनला त्याआधी माद्रिदमध्ये पोर्तुगालशी पात्रता सामना खेळावा लागला आणि तो त्यांनी ३३–१२ असा जिंकला. बाद पद्धतीच्या या स्पर्धेत लात्वियाने हंगेरीनंतर उपांत्य सामन्यात यजमान स्वित्झर्लंडला २८–१९ असे हरवले. स्पेनने बेल्जियम आणि चेकोस्लोव्हाकियावर मात केली. आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात चेकोस्लोव्हाकियाने स्वित्झर्लंडला २५–२३ असे मागे टाकले. फ्रान्स, बेल्जियम, इटली, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया हे पुढच्या क्रमांकांवर राहिले.

लात्वियाचे हे यश मला तिन्ही स्पर्धांमधले सर्वांत मोलाचे वाटते, आणि प्रशिक्षकांच्या वर्गात मी ते आवर्जून सांगतो. वीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा तो देश, १९१८ मध्ये स्वतंत्र झालेला. त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९२४ मध्ये शेजारच्या एस्टोनियाशी झाला. बाहेरून आणलेला एकही नामांकित खेळाडू त्यांच्याकडे नव्हता. संघाचे प्रशिक्षक वाल्देमार्स बाउमानिस स्वतः खेळाडू होते आणि जेमतेम तिशीचे होते. संघात रुडोल्फ्स युर्चिन्शसारखा सातत्याने गुण मिळवणारा खेळाडू होता, परंतु इतर संघांना न जमलेली गोष्ट एकत्र सरावाची होती. त्या काळी बहुतेक देशांचे राष्ट्रीय संघ म्हणजे वेगवेगळ्या क्लबांमधून ऐन वेळी जमवलेले खेळाडू असत. कालमर्यादा नसलेल्या खेळात चेंडू राखून ठेवणे हेच सर्वांत मोठे अस्त्र असते, आणि ते अस्त्र एकमेकांच्या हालचाली न पाहता ओळखणाऱ्या पाच जणांच्याच हाती शोभते. तीन सामन्यांत लात्वियाविरुद्ध कोणालाही वीस गुण करता आले नाहीत. हा आकडा मी २४–१८ पेक्षा महत्त्वाचा मानतो.

ऑलिंपिकचा विषय इथे थोडक्यातच आटोपतो, कारण तो युरोपीय स्पर्धेचा भाग नाही. बर्लिनमध्ये सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर झाले आणि अंतिम सामना अमेरिकेने पावसात, चिखलात, कॅनडाविरुद्ध १९–८ असा जिंकला. स्पेनचा संघ तिथे पोहोचलाच नाही, कारण जुलै १९३६ मध्ये त्या देशात यादवी युद्ध पेटले होते. जिनिव्हाचे उपविजेतेपद मिळवणाऱ्या पिढीची वाटचाल तिथेच खुंटली. आपल्या कथेच्या दृष्टीने बर्लिनमधली महत्त्वाची गोष्ट म्हणजे अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघातला एक खेळाडू. लॉस एंजेलिसमध्ये लिथुआनियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला फ्रँक लुबिन. स्पर्धा संपल्यावर तो आपल्या पूर्वजांचा देश पाहायला गेला आणि तिथल्या खेळाडूंना त्याने शिकवायला सुरुवात केली. लिथुआनियात त्याला प्रानास लुबिनास म्हणून ओळखतात.

विजेत्या देशाने पुढची स्पर्धा भरवायची या रीतीप्रमाणे १९३७ ची स्पर्धा रिगामध्ये झाली. लिथुआनियाकडून तेव्हा कोणालाही अपेक्षा नव्हती. १९२५ मध्ये आपला पहिला सामना तो लात्वियाकडूनच ४१–२० असा हरला होता आणि त्यानंतरची दहा वर्षेही शेजाऱ्यांकडून हरण्यातच गेली होती. जिनिव्हाला तर त्याचा संघ गेलाही नव्हता. रिगामध्ये त्यांच्या बाजूने शिकागोचे दोघे उभे राहिले: खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळणारे फेलिक्सास क्र्याउच्यूनास आणि त्यांचे सहकारी प्रानास ताल्झूनास. क्र्याउच्यूनास यांचे भाऊ एडवर्ड हे ‘मूस क्राऊस’ या नावाने नॉत्र दाम विद्यापीठाचे गाजलेले खेळाडू होते, म्हणजे अमेरिकेतला उत्तम महाविद्यालयीन खेळ या घरात रोजच्या बोलण्यातला होता. लिथुआनियाने अंतिम सामन्यात इटलीला २४–२३ असे हरवले. यजमान आणि गतविजेत्या लात्वियाला सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्या स्पर्धेत इजिप्तही खेळला, म्हणजे युरोपीय म्हणवणाऱ्या स्पर्धेत आफ्रिकेचा संघ दुसऱ्याच खेपेस उतरला होता.

या विजयाला उसना म्हणावे काय? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण मी गुणफलकातच दाखवू शकतो. दोन परक्या महारथींनी स्थानिक संघाला खांद्यावर घेतले असते तर सामने मोठ्या फरकाने जिंकले गेले असते. एका गुणाने अंतिम सामना जिंकणारा संघ मुख्यतः बचावावर आणि शेवटच्या मिनिटांतल्या शांतपणावर जिंकतो, आणि बचाव पाचही जणांना शिकवावा लागतो. क्र्याउच्यूनास यांनी दिलेली खरी देणगी पद्धतीची होती: माणसाला माणूस धरून बचाव, चेंडूशिवाय धावणे, आणि सहकाऱ्याला मोकळे करण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभे राहणे. ज्या देशात या गोष्टी कोणी शिकवल्या नव्हत्या तिथे त्या शिकवणारा माणूस बाहेरून येणे अपरिहार्य होते. वायएमसीएचा शिक्षकही बाहेरूनच आला होता.

१९३९ ची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे माझे मत इतके निःशंक नाही.

रिगाच्या विजयानंतर लिथुआनियात या खेळाचे वेड पसरले. विल्निअस ही मूळ राजधानी त्या वेळी पोलंडच्या ताब्यात असल्यामुळे कौनास ही तात्पुरती राजधानी होती, आणि तिथे पुढच्या स्पर्धेसाठी खास बास्केटबॉलचे क्रीडागृह उभारण्याचा निर्णय झाला. अभियंता अनातोलियस रोझेनब्ल्युमास यांनी आराखडा केलेले ते क्रीडागृह युरोपात केवळ या खेळासाठी बांधलेले पहिले होय. जिनिव्हाचे सामने प्रदर्शनाच्या इमारतीत झाले होते, बर्लिनचे मातीवर. चारच वर्षांत या खेळाला स्वतःचे घर मिळाले. ते किती कठीण दिवसांत मिळाले हेही लक्षात घ्यायला हवे. मार्च १९३९ मध्ये जर्मनीच्या निर्वाणीच्या इशाऱ्यापुढे लिथुआनियाला क्लायपेडा हा आपला बंदराचा प्रदेश सोडून द्यावा लागला होता, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ मे रोजी, कौनासमध्ये स्पर्धा सुरू झाली. ज्या पोलंडशी वर्षभरापूर्वीपर्यंत राजनैतिक संबंधही नव्हते, त्याचा संघही तिथे खेळायला आला होता.

आठ संघांनी साखळी पद्धतीने प्रत्येकी सात सामने खेळले, म्हणजे अंतिम सामना असा नव्हताच. परंतु खऱ्या अर्थाने तो पहिल्याच दिवशी झाला. लिथुआनियाने लात्वियाला ३७–३६ असे हरवले आणि निर्णायक बास्केट लुबिनासने केली. पुढचे सहाही सामने जिंकून लिथुआनिया अपराजित राहिला, लात्विया दुसरा आला आणि पोलंड तिसरा. लुबिनास या वेळी खेळत होता आणि संघाला शिकवतही होता. मिकोलास रुझगिससारखे अमेरिकेत वाढलेले आणखी खेळाडू त्याच्या जोडीला होते.

लात्वियाने लुबिनासविषयी हरकत घेतली आणि ती मला अनाठायी वाटत नाही. तो सुमारे १९७ सेंटिमीटर उंच होता. रिंगकडे उतरणारा चेंडू हाताने परतवण्यावर तेव्हा बंदी नव्हती. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळातही ती १९४४ मध्ये आली. अशा नियमांत बास्केटखाली उभा राहिलेला एवढा उंच आणि तरीही हालचालीत चपळ खेळाडू आक्रमणाइतकाच बचावातही गुण राखतो, आणि त्याची नोंद गुणफलकावर होत नाही. बर्लिनमध्ये १९० सेंटिमीटरपेक्षा उंच खेळाडूंना बाहेर ठेवण्याची सूचना पुढे आली होती आणि अमेरिकेच्या विरोधामुळे ती मागे घेतली गेली. त्या सूचनेचा रोख चुकीचा होता, कारण उंची हा दोष नव्हे. नियमातली त्रुटी दुरुस्त करायला हवी होती, आणि पुढे ती झालीही. हरकतीचा दुसरा भाग अधिक वजनदार आहे. तीन वर्षांपूर्वी एका देशासाठी ऑलिंपिक खेळलेला खेळाडू दुसऱ्या देशाच्या गणवेशात अजिंक्यपद खेळतो, हे आजच्या फिबाच्या नियमांत सहसा बसत नाही, आणि मोठेपणी नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू आज संघात ठेवता येतो. तेव्हा असा नियम नव्हता, म्हणून लिथुआनियाने काही चोरले असे म्हणता येणार नाही. परंतु एका गुणाने निकाल लागलेल्या सामन्यात शेवटची बास्केट नेमकी त्याच खेळाडूची असेल, तर हरलेल्या संघाच्या मनात सल राहणे स्वाभाविक आहे. वर्गात मी १९३७ चे जेतेपद निर्विवाद म्हणून शिकवतो आणि १९३९ चे नियमाला धरून मिळवलेले म्हणून. या दोन शब्दप्रयोगांत जो फरक आहे तो मी जाणूनबुजून ठेवतो.

आता ११२–९ विषयी, कारण प्रश्नकर्त्याला तो आकडा सर्वांत विचित्र वाटला आहे. कौनासमध्ये लिथुआनियाने फिनलंडविरुद्ध हा निकाल नोंदवला, लात्वियानेही त्याच संघाविरुद्ध शंभराचा टप्पा ओलांडला, आणि एस्टोनियाने त्यांना ९१–१ असे हरवले. यावरून त्या स्पर्धेचा दर्जा ठरवू नये. फिनलंडची बास्केटबॉल संघटनाच १९३९ मध्ये स्थापन झाली होती; म्हणजे काही महिन्यांपूर्वी खेळ हाती घेतलेली माणसे, दीड दशक खेळणाऱ्या शेजाऱ्यांसमोर उभी राहिली. ज्या प्रशिक्षकाने पहिल्याच वर्षी आपल्या शाळेचा संघ जिल्हा स्पर्धेत नेला असेल त्याला हा अनुभव नीट कळेल. मला त्या फिनिश खेळाडूंविषयी आदर वाटतो, कारण साखळी पद्धत असल्यामुळे असे पराभव होऊनही त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरावे लागत होते. या मोठ्या निकालांमुळे वैयक्तिक गुणांची यादीही फुगलेली आहे. एस्टोनियाचा हाइनो वेस्किला त्या स्पर्धेत सर्वाधिक गुण करणारा ठरला, तेव्हा त्याची तुलना जिनिव्हाच्या कोणाशी थेट करू नये.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातला एक भाग राहिला आहे. उसन्या बळावर मिळालेले यश ओळखण्याची माझी कसोटी अशी, की उसने देणारा परत गेल्यावर मागे काय उरते ते पाहावे. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि लुबिनास अमेरिकेला परतला. जून १९४० मध्ये लात्विया, लिथुआनिया आणि एस्टोनिया सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेले आणि त्यांचे राष्ट्रीय संघ नकाशावरून पुसले गेले. १९४६ मध्ये जिनिव्हातच स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा चेकोस्लोव्हाकियाने इटलीला ३४–३२ असे हरवले, आणि मागच्या तिन्ही स्पर्धांचे विजेते त्या यादीत कुठेच नव्हते. पण १९४७ मध्ये प्रागला सोव्हिएत संघ प्रथमच उतरला आणि जिंकला, तेव्हा त्याच्या खेळाडूंत लिथुआनियाचे स्तेपास बुताउतास होते, एस्टोनियाचे इल्मार कुल्लाम आणि योआन लिसोव्ह होते. ज्या देशांत युद्धाआधी हा खेळ पद्धतशीर शिकवला गेला होता त्यांच्याच मुलांवर सोव्हिएत बास्केटबॉलचा पाया उभा राहिला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या सोव्हिएत संघातही साबोनिस, मार्चुल्योनिस, कुर्तिनाइतिस आणि होमिच्युस हे चार प्रमुख खेळाडू लिथुआनियाचे होते. त्यानंतर स्वतःच्या ध्वजाखाली लिथुआनियाने १९९२ मध्ये बार्सिलोनात कांस्यपदक मिळवले आणि २००३ मध्ये, कौनासच्या विजयानंतर ६४ वर्षांनी, युरोपीय अजिंक्यपद पुन्हा जिंकले. त्या संघात अमेरिकेतून आणलेला कोणीही नव्हता.